जुनी ३२०डी (ई९०, २०१०): चार दिवस उभी राहिली की बॅटरी खलास, मग डॅशबोर्डवर सगळे दिवे

म्हापशेकर_ई९०

गाडी २०१० ची बीएमडब्ल्यू ३२०डी, ऑटोमॅटिक. मूळ दिल्लीची, एनओसी आणून जीए-०३ करून घेतलेली. घराशेजारी उघड्यावर उभी असते, वर फणसाचं झाड आहे.

रोज चालवली तर तक्रार नाही. सलग चार दिवस उभी राहिली की रिमोटला प्रतिसाद देत नाही. जंप देऊन सुरू केली की डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, टायर प्रेशर आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागतात. पुढच्या दोन्ही काचा चालत नाहीत. अर्धा तास गाडी फिरवली की काचा चालू होतात आणि बहुतेक दिवे आपोआप जातात. नंबर प्लेटचा दिवा गेल्याचा संदेश मात्र पावसाळ्यापासून येतो-जातो. बल्ब नवे टाकले, फरक नाही.

आतापर्यंत झालेलं काम: बॅटरी नवी, ७४ एएच, साधी लेड-ॲसिड. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळतात. गाडी बंद करून मल्टिमीटर लावला तर ०.३८ अँपिअर दिसले. ब्लूटूथ डोंगलवर पी०५६२ आणि काही यू कोड येतात. आधीच्या मालकाने अँड्रॉइड स्क्रीन बसवली आहे आणि ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये, जीपीएस ट्रॅकर आहे. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, फूटवेल मॉड्यूल म्हणजे एफआरएम (दिवे आणि पुढच्या काचा चालवणारा कंट्रोलर) गेलं, बदलावं लागेल. चवथीच्या आधी गाडी मार्गी लागायला हवी. एफआरएम बदलण्याआधी काय तपासू?

फोंडा_ऑटोवायरिंग

एफआरएमला अजून हात लावू देऊ नका. या गाडीतलं एफआरएम३ खरोखर गेलं की त्याची खूण ठरलेली असते: इग्निशन दिलं की लो बीम कायम पेटलेले, इंडिकेटर बंद, पुढच्या काचा बंद, आरसे बंद, आणि स्कॅनर त्या मॉड्यूलशी बोलूच शकत नाही. असं मॉड्यूल अर्धा तास गाडी फिरवून जिवंत होत नाही. तुमच्या काचा चार्जिंग झाल्यावर चालतात, म्हणजे मॉड्यूल शाबूत आहे आणि व्होल्टेज पडल्यामुळे गप्प बसतंय. पण असंच वरचेवर बॅटरी शून्यावर नेत राहिलात तर ते खरंच जाईल. हे मॉड्यूल आपली माहिती चिपच्या फ्लॅश मेमरीत लिहीत असतं. लिहिता लिहिता व्होल्टेज कोसळलं की तो भाग बिघडतो, आणि मग मॉड्यूल उघडून चिपमधली माहिती नव्याने बांधावी लागते.

पी०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. यू कोड म्हणजे एका मॉड्यूलला दुसऱ्याचा निरोप मिळाला नाही. जंप देताना व्होल्टेज ९ च्या आसपास घुटमळलं की निम्मी मॉड्यूल्स मध्येच रीसेट होतात आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवतात. म्हणून आधी सगळे कोड लिहून घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा, दोन दिवस गाडी चालवा आणि मग जे परत येतील तेवढ्यांचाच विचार करा. पहिल्या यादीवरून पार्ट मागवायचे नाहीत.

आता ०.३८ अँपिअर. हा आकडा गाडी बंद केल्यावर किती वेळाने घेतला ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. लॉक केल्यावर ही गाडी लगेच झोपत नाही, म्हणजे तिची मॉड्यूल्स लगेच बंद होत नाहीत. पहिल्या काही मिनिटांत अनेक अँपिअर दिसतील, मग पायरीपायरीने कमी होतील. मी पूर्ण एक तास थांबतो. झोपलेल्या ई९० ने ५० मिलिअँपिअरच्या खाली असायला हवं. साधी खूण म्हणजे स्टार्ट-स्टॉप बटणाचा उजेड. लॉक करून बराच वेळ झाला तरी तो जळत असेल तर बस, म्हणजे मॉड्यूल्सना एकमेकांशी जोडणाऱ्या निरोपांच्या तारा, जागी आहे.

हिशेब करून बघा. ०.३८ अँपिअर सतत म्हणजे दिवसाला ९ एएच. चार दिवसांत ३६, म्हणजे ७४ ची बॅटरी निम्मी. त्यात ती आधीच पूर्ण चार्ज नसेल, तर स्टार्टर फिरणार नाही. ३० मिलिअँपिअर असते तर तेवढंच संपायला दीड महिन्याहून जास्त लागला असता. तुमचं लक्षण आणि हा आकडा जुळतात, त्यामुळे गळती खरी असावी असंच वाटतं.

मोजायची पद्धत:

डिकी उघडी ठेवा आणि लॅचची जीभ स्क्रूड्रायव्हरने दोन टप्प्यांत बंद करा, म्हणजे गाडीला डिकी बंद वाटेल. ग्लोव्ह बॉक्समागच्या फ्यूजपर्यंत पोचायचं असेल तर त्या दाराच्या लॅचलाही तसंच करा. बॉनेट उघडं असेल तर त्याचा स्विच दाबून ठेवा. रिमोटने लॉक करून चावी घरात ठेवा, खिशात नको.

मीटर मालिकेत लावण्यासाठी बॅटरीची तार सोडू नका. तार सोडली की मॉड्यूल्स रीसेट होतात आणि ज्याच्यामुळे गळती होते तेच नेमकं शांत होतं, मग तुम्हाला सगळं ठीक दिसतं. शिवाय मीटर लावलेला असताना कोणी दार उघडलं की १० अँपिअरचा मीटरचा फ्यूज उडतो. डीसी मिलिअँपिअर वाचणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती घाला. घरच्या वायरिंगसाठी वापरतात तो साधा एसी क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही.

एक तासानंतरही आकडा चढा असेल तर फ्यूज काढू नका. एक फ्यूज काढून परत घातला की दहा मॉड्यूल्स जागी होतात आणि पुन्हा तासभर थांबावं लागतं. फ्यूजच्या पाठीवर दोन उघड्या धातूच्या टिकल्या असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावा. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसलं तर सुमारे १३० मिलिअँपिअर वाहतायत. ३० अँपिअरच्या फ्यूजला रोध २ मिलिओहमच्या जवळ, तिथे ०.१ मिलिव्होल्ट म्हणजेच ५० मिलिअँपिअर. म्हणून मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा हवा. ज्या फ्यूजवर शून्य नाही, त्याचं सर्किट ग्लोव्ह बॉक्समागच्या कार्डवर बघा.

हे सगळं सुरू करण्याआधी ओबीडीतला ट्रॅकर काढा. त्या पोर्टवर काहीही बोलत राहिलं तर गेटवे, म्हणजे पोर्ट आणि गाडीची बस जोडणारं मॉड्यूल, झोपत नाही.

मडगाव_डिझेल

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. ई९० मध्ये गळतीचे नेहमीचे धनी कोण ते सांगतो, म्हणजे मिलिव्होल्ट मोजताना नजर कुठे ठेवायची ते कळेल.

१. बाहेरून बसवलेली स्क्रीन, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम. जुन्या गाडीत पहिला संशय इथेच.

२. एसी ब्लोअरची फायनल स्टेज, म्हणजे पंख्याचा वेग ठरवणारा रेग्युलेटर. बिघडला की गाडी बंद असतानाही थोडा करंट खेचत राहतो. तासाभराने त्याचं हीटसिंक हाताला कोमट लागलं तर उत्तर मिळालं. पंखा आपोआप वेग बदलतो किंवा कधी अजिबात सुरू होत नाही, हीसुद्धा त्याचीच लक्षणं.

३. मूळ ब्लूटूथ फोन मॉड्यूल. अडकलं की सतत फोन शोधत राहतं आणि बसला झोपू देत नाही.

४. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवरचा आयबीएस, म्हणजे बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर. याची छोटी दोन पिनांची प्लग काढून एक तास थांबा. करंट खाली आला तर दोष सेन्सरचा. प्लग काढलेली असताना गाडी चालते, फक्त चार्जिंगचं नियोजन ठोकताळ्याने होतं. हा क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. पॉझिटिव्ह क्लॅम्पवर अपघाताच्या वेळी केबल तोडणारी स्फोटक कॅप्सूल असते, तिथेही ठोकाठोकी नको.

आता बॅटरीविषयी. ७४ एएचची साधी बॅटरी टाकली, ठीक. पण गाडीला कळवलं का? ई९० बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्जिंग ठरवते. नवी बॅटरी नोंदवली नाही तर गाडी तिला जुनी समजूनच वागवते. क्षमता किंवा जात बदलली, म्हणजे ९० ची एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली बॅटरी) होती आणि ७४ ची साधी आली, तर नुसती नोंदणी पुरत नाही. कोडिंगमध्ये क्षमता आणि प्रकारही बदलावा लागतो. एजीएमच्या हिशेबाने साध्या बॅटरीला जास्त व्होल्टेज गेलं की पाणी उडतं.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बॅटरी डिकीत, प्रवासी बसतात त्याच हवेत आहे. तिला गॅस बाहेर नेणारी रबरी नळी जोडलेली असायलाच हवी. बाजारातल्या अनेक साध्या बॅटऱ्यांना त्या नळीचं तोंड नसतं. नळी लोंबकळत असेल तर आजच लक्ष घाला: हायड्रोजन साठणं धोक्याचं आणि आम्लाची वाफ आजूबाजूचे कनेक्टर खाते. ७४ एएचची डिन बॅटरी २७८ मिलिमीटर लांब असते, ९० ची ३५३. ट्रे मोठ्या बॅटरीचा असेल तर खालची पकड सरकवून घट्ट केली आहे ना, तेही बघा.

चार्जर लावताना निगेटिव्ह चिमटा बॅटरीच्या टर्मिनलवर नको, बॉडीच्या अर्थ बोल्टवर लावा. आयबीएसमधून करंट गेला तरच गाडीला चार्ज झाल्याचं कळतं. जंप द्यायची वेळ आलीच तर बॉनेटखालचं पॉझिटिव्ह टर्मिनल आणि तिथलाच अर्थ वापरा.

१४.१ व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटर चोख, असं लगेच धरू नका. या गाडीत चार्जिंगचं व्होल्टेज इंजिनचा कंट्रोलर ठरवतो, चालताना ते खालीवर होतं. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावून परत मोजा.

डिचोलीकर

नंबर प्लेटच्या दिव्याबद्दल कोणी बोललं नाही. ती तक्रार वेगळी आहे, गळतीशी जोडू नका.

ई९० च्या डिकीच्या झाकणाकडे जाणारा वायरिंगचा जुडगा बिजागरीपाशी वाकतो. झाकण हजारो वेळा उघडमिट झालं की आतल्या तारांचं आवरण तडकतं आणि तांबं तुटतं. बाहेरचं रबरी-कापडी वेष्टण अगदी नवं दिसतं, म्हणून कोणी तिथे बघत नाही. वेष्टण मागे सरकवा आणि एकेक तार दोन बोटांत धरून हलकी ताणा. जी तार रबरासारखी लांबते, तिच्या आत तांबं राहिलेलं नाही. बहुतेक वेळा आधी तपकिरी, म्हणजे अर्थची तार जाते. मग नंबर प्लेटचे दिवे, डिकीचं बटण, तिसरा ब्रेक लाइट यांच्यापैकी काहीतरी आळीपाळीने बंद. तांबं उघडं पडून बॉडीला लागलं तर एफआरएम शॉर्ट मोजत राहतं आणि काही वेळांनंतर ते आउटपुट कायमचं बंद करून टाकतं. मग तार जोडूनही दिवा लागत नाही. तो शॉर्टचा काउंटर डायग्नोस्टिकनेच शून्यावर आणावा लागतो. एफआरएम गेलं असा निष्कर्ष काढून ते बदलण्याचं हे दुसरं मोठं कारण.

दुरुस्ती करताना तुटल्या जागी टाका मारून टेप गुंडाळू नका. सोल्डरची जागा ताठ होते आणि वाकणाऱ्या ठिकाणी तिच्या शेजारीच परत तुटते. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना वीसेक सेंटिमीटर सोडून, सिलिकॉन आवरणाची लवचीक तार तुकडा म्हणून घाला. सांधे क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा, आणि सगळे सांधे एका रेषेत नकोत, मागेपुढे ठेवा. काळी पीव्हीसी टेप आपल्या उन्हात आठवड्यात चिकट होऊन सुटते.

आता फणसाचं झाड. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरात. काचेखालच्या खोबणीत पानं, फुलोरा, माती साचली की निचऱ्याची भोकं बंद होतात आणि पाणी जिथे नको तिथे वाट काढतं. वायपरखालचं प्लास्टिक काढून दोन्ही टोकांचा निचरा हाताने साफ करा, मग मगभर पाणी ओतून खाली जमिनीवर येतं का बघा. सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांचंही तसंच. त्यांत कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतली जोडणी सुटते आणि पाणी छताच्या अस्तरात जातं. नायलॉनची जाड दोरी घालून साफ करा.

डिकीतला गालिचा उचला. बॅटरीच्या आणि सुट्या चाकाच्या खळग्यात हात फिरवा. ओल असेल तर टेललाइटचे गॅस्केट बघा. पुढच्या फूटवेलमध्ये गालिच्याखालचा फोम हाताने दाबा. वरून कोरडा, खाली भिजलेला असतो आणि तिथूनच तारांचे सांधे हिरवट पडतात. हिरवट गंज तांब्याच्या आत शिरलेला असेल तर फवारे मारून उपयोग नाही, स्वच्छ चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापा. कनेक्टरच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, वाळवा, मग जोडा. कळंगुट, मिरामार, बाणावली अशा किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर हे काम दर पावसाळ्यानंतर करायलाच हवं. उंदीर तारा कुरतडतात तेही याच दिवसांत, इंजिनावरचं कव्हर उचलून लेंड्या दिसतात का बघून घ्या.

फोंडा_ऑटोवायरिंग

डिचोलीकरांनी अर्थचा विषय काढलाच आहे तर एक जोडतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली वेणीची अर्थ पट्टी गाडीखाली असते, ती आतून कुजते. स्टार्टर फिरत असताना मीटरचं एक टोक इंजिनच्या धातूवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करा: बॅटरी ते बॉनेटखालचं टर्मिनल. बॅटरीची मोठी केबल फ्यूज बॉक्सला जिथे जोडते, तिथली जोडणी थरथरीने झिजून रोध वाढण्याचा दोष या मालिकेत आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ३ सीरिजच्या गाड्या याच जोडणीसाठी परत बोलावल्या होत्या. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, बोल्टभोवती काळपटपणा आहे का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. बघताना बॅटरी सोडून ठेवा.

आणि ब्लूटूथ डोंगलने पुढे जाता येणार नाही. साध्या ॲपवर त्याला फक्त इंजिन दिसतं. एफआरएम, जंक्शन बॉक्स, एअरबॅग वाचायला के+डीकॅन केबल (गाडी लॅपटॉपला जोडणारी) आणि लॅपटॉपवर इंपा किंवा इस्टा हे बीएमडब्ल्यूचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर लागेल. तुमची गाडी मार्च २००७ नंतरची आहे, म्हणून केबलमधल्या ७ आणि ८ नंबरच्या पिना एकमेकींना जोडलेल्या नकोत. केबलवर त्यासाठी छोटा स्विच असतो. तो चुकीच्या बाजूला असेल तर गाडी उत्तरच देत नाही आणि माणूस मॉड्यूलला दोष देतो. इस्टामध्ये गाडी झोपली असताना कोणी जागं केलं आणि करंट किती वेळ जास्त राहिला, याची नोंदही सापडते.

म्हापशेकर_ई९०

सांगितल्याप्रमाणे मोजलं. ट्रॅकर काढून, लॅच बंद करून, एक तासानंतर २९० मिलिअँपिअर. स्टार्ट बटणाचा उजेड चालूच. मूळ फ्यूजांवर कुठेच मोठा आकडा नाही. स्क्रीनच्या तारेत वेगळा लावलेला १० अँपिअरचा फ्यूज सापडला, त्यावर १.९ मिलिव्होल्ट. स्क्रीनची प्लग आणि तिला गाडीच्या बसशी जोडणारा सोबतचा कॅन बॉक्स सोडला तर पुढच्या अर्ध्या तासात ४० मिलिअँपिअर आणि बटणाचा उजेड गेला. डिकीच्या जुडग्यात तपकिरी तार पूर्ण तुटलेली, शेजारची एक अर्धी. गॅसची नळी जोडलेली नव्हती, बॅटरीला तोंड आहे. स्क्रीन ठेवायची असेल तर तारा कशा जोडू?

फोंडा_ऑटोवायरिंग

१.९ भागिले साडेसात मिलिओहम, म्हणजे २५० मिलिअँपिअर. २९० मधून ४० वजा केले की तेवढेच. हिशेब जुळला, एफआरएमचा विषय संपला.

स्क्रीनला दोन वेगळ्या तारा असतात: पिवळी कायम सप्लायसाठी, लाल एसीसीसाठी, म्हणजे गाडी चालू असतानाच येणाऱ्या सप्लायसाठी. ई९० च्या मूळ रेडिओच्या प्लगमध्ये एसीसीची तारच नसते, रेडिओला सगळं बसवरून कळतं. बसवणाऱ्याला ती सापडत नाही, म्हणून तो लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायम सप्लायला जोडतो. स्क्रीन कधी बंद होत नाही, तिचा कॅन बॉक्स बसवर काही ना काही बोलत राहतो आणि गाडी जागी राहते. लाल तार वेगळी करा आणि कॅन बॉक्समधून निघणाऱ्या एसीसी आउटपुटला जोडा. बॉक्सला तशी तार नसेल तर इग्निशन बंद झाल्यावर शून्य होणारा सप्लाय मीटरने शोधून तिथून घ्या, २ अँपिअरचा फ्यूज घालून. पिवळी जिथे आहे तिथेच राहू द्या. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये स्टँडबायचा पर्याय असतो, तो बंद करा, नाहीतर एसीसी गेल्यावरही ती अर्धवट जागी राहते. जोडल्यावर परत एक तास थांबून मोजा. ५० च्या वर असेल तर कॅन बॉक्सच सदोष आहे, तो बदला.

कॅनच्या दोन तारा कापून जोडल्या असतील तर त्या पीळ घातलेल्याच ठेवा, सांध्यापाशी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त उकलू नका.

ट्रॅकर हवाच असेल तर तो ओबीडीऐवजी स्वतंत्र फ्यूजवर घ्या, आणि त्याचा स्वतःचा करंट आधी मोजा.

मडगाव_डिझेल

क्रम असा ठेवा: आधी गॅसची नळी, मग डिकीच्या तारा, मग स्क्रीन. त्यानंतर चार्जरवर बॅटरी रात्रभर पूर्ण भरा आणि सगळ्यात शेवटी नोंदणी व कोडिंग. नोंदणी केल्यावर गाडी बॅटरीचा जुना इतिहास पुसते, म्हणून अर्धवट भरलेल्या बॅटरीवर ती करायची नाही. कोडिंग चालू असताना १३.५ व्होल्ट स्थिर देणारा पॉवर सप्लाय लावा. साधा बॅटरी चार्जर तिथे चालत नाही, आणि दुसऱ्या गाडीची जंप केबल तर मुळीच नाही. नोंदणी झाल्यावर पुढच्या काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, म्हणजे एका स्पर्शात वर जाणं परत सुरू होईल.

डिचोलीकर

तपकिरी तार जोडल्यावरही नंबर प्लेटचा दिवा लागला नाही तर बल्बच्या सॉकेटवर मीटर लावा. १२ व्होल्ट येतच नसतील तर शॉर्टचा काउंटर शून्यावर आणून बघा. ती अर्धी तुटलेली दुसरी तारही आत्ताच बदला.